खळ्यावरचे बैल आणि न दिसणारे द्रव्य

ज्वारीची मळणी बैलांनी कशी करीत, हे शिरूर-दौंडकडच्या विद्यार्थ्यांना आता आजोबांनाच विचारावे लागेल. मळणीयंत्रे आली आणि खळी मोडली. पण आपल्या आजच्या विषयाला ते खळे फार उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. शेणाने सारवलेल्या गोल खळ्याच्या मधोमध तिवडा नावाचा खांब रोवीत. त्याला दोर बांधून चार-पाच बैल एका ओळीत, एकमेकांना जोडून उभे करीत. या ओळीला पात म्हणत. पात सुरू झाली की सगळे बैल कणसांवरून तिवड्याभोवती फिरू लागत. ओळ मोडत नसल्यामुळे प्रत्येक बैलाला एक फेरी पुरी करायला सारखाच वेळ लागे. पण तिवड्याजवळच्या बैलाची फेरी लहान आणि कडेच्या बैलाची मोठी. त्यामुळे आतला बैल रमतगमत चाले आणि कडेच्याला जवळजवळ पळावे लागे. शहाणा शेतकरी तिवड्याशी म्हातारा बैल जुंपी आणि कडेला तरणा.

म्हणजे तिवड्यापासून दुप्पट अंतरावरचा बैल दुप्पट वेगाने चालतो, तिप्पट अंतरावरचा तिप्पट वेगाने. एवढे लक्षात ठेवा. आकाशातील एका लहानशा दीर्घिकेतला वायूही जवळजवळ अशाच चालीने फिरतो असे पुणे जिल्ह्यातल्याच एका दुर्बिणीने दाखवले, आणि त्या चालीवरून विश्वातल्या एका न दिसणाऱ्या द्रव्याच्या स्वभावाबद्दल एक प्रश्न उभा राहिला. त्या द्रव्याचे कण एकमेकांवर आदळतात की नाही, हा तो प्रश्न.

वेगावरून वजन

सूर्यमालेत बैलांची चाल उलटी आहे. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो, पृथ्वी ३० किलोमीटर वेगाने, तर पार कडेचा नेपच्यून अवघ्या साडेपाच किलोमीटर वेगाने. याचे कारण न्यूटनच्या नियमात आहे. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूसाठी तो नियम असा मांडता येतो :

वेगाचा वर्ग = गुरुत्व स्थिरांक × कक्षेच्या आत असलेले वस्तुमान ÷ अंतर

द्रव्य गोलाकार पसरलेले असेल तर कक्षेबाहेरच्या द्रव्याचा परिणाम शून्य होतो. फक्त आतले द्रव्य मोजायचे. हेही न्यूटननेच सिद्ध केले. सूर्यमालेतले जवळजवळ सगळे वस्तुमान सूर्यात आहे. बुधाच्या कक्षेच्या आत जेवढे, जवळजवळ तेवढेच नेपच्यूनच्या कक्षेच्या आत. अंतर वाढले आणि वस्तुमान तेच राहिले, म्हणून वेग घटला.

आता हा नियम उलटा वापरा. वेग आणि अंतर मोजा, म्हणजे आतले वस्तुमान कळेल. ते द्रव्य दिसते की नाही याच्याशी नियमाला काही कर्तव्य नाही. वाण्याच्या तागडीत पोते उघडून बघावे लागत नाही, तसेच हे.

हा ताजवा पहिल्यांदा फ्रिट्झ झ्विकी याने १९३३ साली दीर्घिकांच्या एका समूहाला लावला आणि दिसणाऱ्या द्रव्यापेक्षा कितीतरी जास्त वजन भरले. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील वायूचे वेग मोजले. दीर्घिकेचा प्रकाश मध्याशी दाटलेला असतो. म्हणून कडेला वेग घटावा, सूर्यमालेसारखा. तो घटेना. पुढे अनेक दीर्घिकांत असेच आढळले : बाहेरच्या बाजूला वेग जवळजवळ स्थिर राहतो. नियमात घालून पाहा. वेग स्थिर राहायचा असेल तर आतले वस्तुमान अंतराच्या प्रमाणात वाढत गेले पाहिजे. तारे संपले तरी वस्तुमान वाढतच आहे. हे जे न दिसणारे द्रव्य, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. विश्वातल्या सर्वसाधारण द्रव्याच्या ते पाच पटींहून थोडे अधिक आहे असा आजचा हिशोब आहे. ते कशाचे बनले आहे, हे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत अजून पकडता आलेले नाही.

ते फार विरळ असते हेही ध्यानात घ्यावे. आपल्या सूर्याच्या आसपास जेवढी त्याची घनता आहे, तिच्या हिशोबाने पृथ्वीएवढ्या सगळ्या आकारमानात मिळून कृष्णद्रव्य भरते अर्धा-पाऊण किलो. शेरभर साखरेइतके. दीर्घिका प्रचंड असतात म्हणून बेरीज मोठी होते, एवढेच.

टोक की गाभा

कृष्णद्रव्याचा सर्वात साधा नमुना असा : त्याचे कण संथ असतात, गुरुत्वाकर्षण सोडून दुसरे कोणतेही बळ त्यांना ठाऊक नसते, आणि ते एकमेकांतून भुतासारखे आरपार जातात. अशा कणांचे ढग गुरुत्वाकर्षणाने गोळा होताना काय घडते, याची गणिते संगणकावर करता येतात. हूलिओ नवारो, कार्लोस फ्रेंक आणि सायमन व्हाइट या तिघांनी १९९६-९७ मध्ये अशा गणितांतून एक सूत्र काढले. त्याप्रमाणे ढगाच्या मध्याकडे जावे तशी घनता वाढतच जाते. अंतर निम्मे झाले की घनता दुप्पट. म्हणजे मध्याशी एक अणकुचीदार टोक तयार होते.

पण त्याच्या आधीच, १९९४ साली, लहान दीर्घिकांच्या वेगांवरून दोन स्वतंत्र लेखांत निराळे चित्र पुढे आले होते. तिथे टोक दिसत नव्हते. मध्याभोवतीच्या बऱ्याच मोठ्या भागात घनता सपाट, सगळीकडे सारखी वाटत होती. अशा सपाट भागाला गाभा म्हणू.

टोक आणि गाभा यांतला फरक वेगात कसा उमटतो, हे नववी-दहावीच्या गणिताने काढता येते. घनता सारखी असेल तर आतले वस्तुमान अंतराच्या घनाप्रमाणे वाढते. त्याला अंतराने भागले की वेगाचा वर्ग अंतराच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे वेग सरळ अंतराच्या प्रमाणात. दुप्पट अंतर, दुप्पट वेग. ही आपली खळ्यावरची पात झाली! घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात असेल, म्हणजे टोक असेल, तर वस्तुमान अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते, आणि वेग अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे. दुप्पट अंतर, १.४१ पट वेग. आणि सगळे वस्तुमान मध्यबिंदूतच असेल तर दुप्पट अंतराला वेग ०.७१ पट, सूर्यमालेसारखा. शिक्षकांनी हे तिन्ही आलेख एकाच कागदावर मुलांकडून काढून घ्यावेत. गाभ्याचा आलेख सरळ रेषेत चढतो, टोकाचा सुरुवातीला झपकन चढून मग वाकतो. दोन्ही आलेख चढतेच आहेत, म्हणून ओळखायला मध्याजवळची मापे नेमकी हवीत.

खोडदची तीस कान

मोठ्या दीर्घिकांत ताऱ्यांचेच वजन मध्याशी इतके असते की कृष्णद्रव्याचा हिस्सा वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून ठेंगण्या, मंद दीर्घिका निवडायच्या. त्यांत तारे थोडे, कृष्णद्रव्य भरपूर आणि वायूही बराच. हा वायू म्हणजे हायड्रोजन. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ लहर सोडतो. एकट्या अणूने ती सोडायला सरासरी एक कोटी वर्षे लागतात, पण अणू असंख्य असल्यामुळे आपल्याला सतत काही ना काही ऐकू येत राहते. या लहरी सेकंदाला १४२ कोटी कंपनांच्या असतात.

दौंड जंक्शनावर न थांबता शिटी वाजवीत जाणारी गाडी ऐकली असेल. गाडी जवळ येताना शिटीचा सूर चढा असतो, आपल्याला ओलांडून गेली की एकदम उतरतो. हायड्रोजनच्या लहरीचेही तसेच. दीर्घिका फिरत असते, तेव्हा तिची एक बाजू दुसरीच्या मानाने आपल्याकडे येत असते. तिच्या कंपनांचा आकडा किंचित वाढतो, दुसरीचा घटतो. या फरकावरून जागोजागचा वेग काढायचा.

हे काम करणारी जगातली एक मोठी दुर्बीण जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. शिरूरहून सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर, दौंडहून सुमारे ९०. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप हे तिचे नाव, पण सगळे जण जीएमआरटी म्हणतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) हे तिचे शिल्पकार. तबकडी घन पत्र्याची केली तर वारा तिला ढकलतो, मग सांगाडा जड लागतो, मग खर्च वाढतो. स्वरूप यांनी पोलादी दोरांच्या जाळ्यावर बारीक तारांची जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओ लहर मात्र परावर्तित होते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

तीस तबकड्या एकत्र का जोडायच्या? दूरदूरच्या तबकड्यांनी बारकावे दिसतात, आणि जवळजवळच्या तबकड्यांनी पसरट, फिकट वायू निसटत नाही. ठेंगण्या दीर्घिकांना दोन्हीची गरज असते, आणि खोडदची रचना त्यांना नेमकी सोयीची पडली. मात्र येणारा संदेश इतका क्षीण असतो की मोटारीच्या इंजिनातली ठिणगी किंवा वेल्डिंगचे यंत्रही त्याला बुडवू शकते. भोवतालच्या डोंगरांची आड आणि शांत खेडी हीच या जागेची मोठी संपत्ती. पुणे-नाशिक या नव्या रेल्वेमार्गाच्या आखणीत दुर्बिणीचा मुद्दा निघाला तो यामुळेच. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरते आणि आसपासच्या तालुक्यांतील शाळा तिथे लोटतात. गेलात तर तबकडीखाली उभे राहून वर पाहा. जाळीतून आकाश दिसते.

एक लहानशी दीर्घिका

उत्तर आकाशात जिराफ नावाचा एक मंद तारकासमूह आहे. त्या दिशेला कॅमेलोपार्डालिस-बी नावाची एक ठेंगणी दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेपेक्षा हजारो पटींनी मंद. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि उलरिख हॉप यांनी जीएमआरटीने तिच्यातला हायड्रोजन पाहिला आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एवढ्या लहान दीर्घिकेतला वायू नुसता गोंधळलेला असेल असा अनेकांचा समज होता. तो व्यवस्थित फिरताना आढळला. पण वेग किती? कमाल वेग सेकंदाला अवघा सात किलोमीटर. आपला सूर्य आकाशगंगेत याच्या तीसपट वेगाने फिरतो. १४२ कोटी कंपनांत सात किलोमीटर वेगाने पडणारा फरक होतो सुमारे ३३ हजार कंपनांचा. सुमारे त्रेचाळीस हजारांत एक या प्रमाणात. या संशोधकांनी सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपासचे फरक ओळखता येतील अशी मापे घेतली होती, म्हणून हे साधले.

आता एक अडचण. वायूचे कण फिरण्याखेरीज सैरावैराही धावत असतात. या दीर्घिकेत सैरावैरा वेग फिरण्याच्या वेगाएवढाच निघाला. सैरावैरा धावणाऱ्या वायूला दाब असतो, आणि तो दाब गुरुत्वाकर्षणाला काही अंशी तोलून धरतो. म्हणजे नुसत्या फिरण्याच्या वेगावरून वजन काढले तर ते कमी भरेल. ही दुरुस्ती केल्यावर कमाल वेग सुमारे २० किलोमीटर धरावा लागला. दुरुस्त केलेल्या आलेखाला सपाट गाभ्याचे सूत्र चांगले बसले. टोकाचे सूत्र बसले नाही. ताऱ्यांचे वजन कमी धरा की जास्त, तरीही नाही.

विद्यार्थ्यांनी इथे थोडे सावध व्हावे असे मला वाटते. सातवरून वीसवर नेणारी दुरुस्ती मूळ मापापेक्षा मोठी आहे. संशोधकांनी ती उघडपणे मांडली आहे आणि ती भौतिकशास्त्राला धरून आहे, पण अशा एकाच दीर्घिकेवर सगळा भार टाकू नये. तो कोणी टाकलाही नाही. बेगम, चेंगलूर आणि रशियाचे इगोर कराचेन्त्सेव यांनी सहकाऱ्यांसह पुढे खोडदहून सुमारे साठ मंद दीर्घिकांची पाहणी केली. तिचा आढावा २००८ मध्ये आला. जगातल्या इतर दुर्बिणींनीही अनेक ठेंगण्या दीर्घिकांत गाभे पाहिले आहेत. सगळ्यांत मात्र नाही. हा मुद्दा पुढे येणार आहे.

धक्काबुक्की करणारे कण

गाभा कशाने होतो? एक उत्तर साधे आहे. मोठे तारे आयुष्याच्या शेवटी स्फोट पावतात. स्फोटांनी मधला वायू बाहेर फेकला जातो, थंड होऊन पुन्हा आत येतो, पुन्हा फेकला जातो. वायूचे वजन असे आतबाहेर होत राहिले की गुरुत्वाकर्षणाची ओढ हेलकावते आणि कृष्णद्रव्यही हळूहळू मध्यापासून दूर सरकते. हे गणितात उतरते. मात्र त्यासाठी पुरेसे तारे जन्मावे लागतात, आणि अगदी मंद दीर्घिकांत तारेच थोडे.

दुसरे उत्तर डेव्हिड स्पर्गेल आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी २००० साली सुचवले. कृष्णद्रव्याचे कण आपल्या नेहमीच्या द्रव्याला ओळखत नसतील, पण एकमेकांना ओळखत असले तर? म्हणजे ते एकमेकांवर आदळून दिशा बदलत असतील तर? याला आपण स्वसंघाती कृष्णद्रव्य म्हणू.

आदळल्याने काय होईल? टोकाच्या नमुन्यात एक गंमत असते : अगदी मध्यातले कण संथ असतात आणि थोड्या बाहेरचे वेगवान. कणांच्या सरासरी गतीलाच आपण वायूत तापमान म्हणतो, तेव्हा मध्य थंड आणि बाहेर गरम असे म्हणता येईल. कण एकमेकांतून आरपार जात असतील तर ही तफावत युगानुयुगे तशीच राहील. आदळत असतील तर उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहील. गुऱ्हाळावर काहिलीतला रस ढवळत राहिला की सगळीकडे सारखा तापतो, त्यातला प्रकार. मध्यातल्या संथ कणांना धक्के बसून वेग मिळतो, वेग मिळालेला कण दूरच्या कक्षेत जातो, मधली दाटी कमी होते. टोक झिजते आणि सपाट गाभा उरतो.

किती वेळा आदळले पाहिजे? इथे एक छान हिशोब आहे. संशोधक संघाताचे माप 'एका ग्रॅमला इतके चौरस सेंटिमीटर' असे देतात. एक ग्रॅम कृष्णद्रव्यातल्या सगळ्या कणांची अंगे शेजारी शेजारी मांडली तर किती जागा झाकतील, असा त्याचा अर्थ. ती जागा एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी धरू. तर कणाला सरासरी एक टक्कर होईपर्यंत एवढा प्रवास करावा लागेल, की त्याच्या वाटेवरच्या एक चौरस सेंटिमीटर जाडीच्या लांबलचक नळीत एक ग्रॅम द्रव्य असेल. ठेंगण्या दीर्घिकेच्या मध्याशी दर घन पार्सेकमागे सूर्याच्या वस्तुमानाचा दहावा हिस्सा एवढे कृष्णद्रव्य समजू. (पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे.) आकडेमोड केली तर नळीची लांबी येते सुमारे दीड लाख प्रकाशवर्षे. कणाचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर धरा. तो प्रकाशाच्या वेगाचा दहाहजारावा भाग आहे. म्हणजे एका टकरीला लागतील दीड लाख गुणिले दहा हजार, दीडशे कोटी वर्षे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. तेवढ्यात आठ-नऊ टकरी झाल्या. टोक झिजवायला त्या पुरेत.

पण घनता आणखी दहापट विरळ असेल तर एका टकरीला दीड हजार कोटी वर्षे लागतात, विश्वाच्या वयापेक्षा जास्त. गाभा तिथवर वाढून थांबतो आणि त्यापलीकडच्या कणांना टकरींचा पत्ताच नसतो. म्हणजे हे नखाएवढे क्षेत्रफळ अगदी सीमेवरचे माप आहे.  पाच-दहा नखे असती तर गाभे सहज झाले असते. मग पाच-दहाच का धरू नये?

पुलावरच्या सावल्या

दौंडच्या स्टेशनात एकाच वेळी दोन गाड्या आल्या आणि पुलावर दोन्ही बाजूंनी माणसे चढली की मध्यावर कोंडी होते. माणसे अडतात, पण त्यांच्या सावल्या एकमेकींतून खुशाल पार होतात. आकाशात हे दृश्य सापडले आहे. बुलेट क्लस्टर नावाने ओळखली जाणारी ही जोडी म्हणजे एकमेकांत घुसून पार झालेले दोन दीर्घिका-समूह. दोन्ही समूहांतील तप्त वायू एकमेकांवर आदळून मध्ये रेंगाळला आहे, हे क्ष-किरणांच्या दुर्बिणीने दिसते. कृष्णद्रव्य कुठे आहे, हे त्याच्यामागच्या दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो त्यावरून कळते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापांनुसार ते वायूला मागे टाकून दोन्हीकडे पुढे निघून गेले आहे. कृष्णद्रव्य पुष्कळच सावल्यांसारखे वागले. त्यावरून काढलेली मर्यादा साधारण त्याच मापाची आहे : एका ग्रॅमला एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास, फार झाले तर किंचित जास्त.

तेव्हा ठेंगण्या दीर्घिका अधिक टकरी मागतात आणि मोठे समूह त्या नाकारतात. दोन्ही खरे कसे असेल? फरक वेगाचा आहे. समूहांच्या धडकेत कण सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने एकमेकांसमोर आले. ठेंगण्या दीर्घिकेत ते दहा-वीस-तीस किलोमीटरनी फिरतात. टेबलावरून लोखंडी गोळी लोहचुंबकाच्या शेजारून हळू सोडली तर तिची वाट चांगलीच वळते, जोरात सोडली तर जवळजवळ सरळ निघून जाते. रदरफर्डच्या अणुकेंद्राच्या प्रयोगातही वेगवान अल्फाकण कमी वळतात. कृष्णद्रव्याच्या कणांमधले बळ असे असेल तर संथ कणांचे क्षेत्रफळ मोठे आणि वेगवानांचे लहान भासेल. गेल्या काही वर्षांतले बरेच संशोधन याच कल्पनेवर चालले आहे. सोयीची कल्पना आहे हे खरे; पण निसर्गात विद्युतभारित कण असेच वागतात, म्हणून ती ओढूनताणून आणलेली म्हणता येणार नाही.

आता मघाचा राहिलेला मुद्दा. २०१५ साली काइल ओमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कडेला सारखाच वेग असलेल्या ठेंगण्या दीर्घिकांत मध्याजवळचे वेग भलतेच वेगवेगळे असतात. कुठे मोठा गाभा, कुठे टोकाहूनही दाट मध्य. आदळणारे कण गाभा करतात असे म्हणायचे, तर हे दाट मध्य कुठून आले?

याचे संभाव्य उत्तर गुरुत्वाकर्षणाच्या एका चमत्कारिक स्वभावात आहे. उपग्रहाला वातावरणाचा घास लागून त्याची ऊर्जा घटली की तो खालच्या कक्षेत येतो आणि तिथे अधिक वेगाने फिरतो. ऊर्जा गमावली आणि वेग वाढला! कणांच्या ढगाचेही तेच. गाभा तयार होऊन मध्य बाहेरच्याहून गरम झाला की उष्णता आता आतून बाहेर वाहू लागते. ऊर्जा गमावल्याने गाभा आकुंचन पावतो, आकुंचनाने आणखी गरम होतो, म्हणून आणखी उष्णता गमावतो. शेवटी तो कोसळून अतिशय दाट होतो. तारकागुच्छांसाठी हे १९६८ मध्येच डोनाल्ड लिंडन-बेल आणि रॉजर वुड यांनी मांडले होते. तेच गणित स्वसंघाती कृष्णद्रव्याला लागू पडते. तेव्हा एकाच नियमाने काही दीर्घिका गाभ्याच्या अवस्थेत आणि काही कोसळलेल्या अवस्थेत असू शकतील. सुरुवातीला ज्यांचा ढग अधिक दाट होता त्या आधी कोसळणार. अर्थात दोन्ही टोकांची माणसे एकाच उत्तराने गप्प बसवता येत असली की शास्त्रज्ञ जरा संशयाने पाहतात, आणि तसे पाहिलेही जात आहे.

स्फोटांची कहाणी खरी की टकरींची, हे ठरवायला अशा दीर्घिका पाहिजेत की जिथे तारे इतके थोडे आहेत की स्फोटांनी काही बिघडले नसते. तिथेही सपाट गाभा सापडला, तर टकरींची बाजू बळकट होईल. सिंह तारकासमूहाच्या दिशेला लिओ-टी नावाची अशी एक अतिमंद दीर्घिका आहे. तिच्यातल्या हायड्रोजनचे निरीक्षण जीएमआरटीने व नेदरलँड्समधील एका दुर्बिणीने केले आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पण तिथला वायू पात धरून फिरतच नाही. फक्त सैरावैरा हलतो. त्यामुळे मध्याशी टोक आहे की गाभा, हे खळ्याच्या हिशोबाने काढता येत नाही. वेगळ्या, कमी नेमक्या वाटेने जावे लागते.

अशा आणखी दीर्घिका शोधायच्या आहेत. चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिचा आरसा ८.४ मीटरचा आहे आणि दक्षिणेकडचे सगळे आकाश ती वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा टिपणार आहे. तिला सापडतील त्या मंद दीर्घिकांपैकी ज्यांत हायड्रोजन शिल्लक असेल, त्यांचे वेग मोजायला पुन्हा २१ सेंटिमीटरच्या दुर्बिणींकडेच यावे लागेल.